एमआरएनए आहे, मग एन्झाइम कुठं गेलं? स्लाइम मोल्डच्या फॉस्फोडायएस्टरेजचं एक प्रकरण

हे प्रकरण एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातल्या एका प्रकल्पाचं आहे. मी त्या प्रकल्पाची गाईड होते. विद्यार्थिनीचं नाव बदलून मीरा ठेवलं आहे, आणि विद्यापीठ महाराष्ट्रातलं आहे एवढं सांगितलं तरी पुरे. यातून नवा शोध लागला नाही. पण जनुक चालू झालं म्हणजे एन्झाइम कामाला लागलं असं आपण किती सहज धरून चालतो, आणि ते धरून चालल्यामुळे कुठल्या वळणावर फसतो, हे मला या सात आठवड्यांत जितकं स्पष्ट दिसलं तितकं एरवी दिसलं नसतं.

पार्श्वभूमी

डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम हा जंगलातल्या मातीत, कुजक्या पाल्याखाली राहणारा अमीबा. केनेथ रेपर यांनी १९३३ मध्ये तो अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातून मिळवला. स्लाइम मोल्ड या नावामुळे पुष्कळांना ती बुरशी वाटते, पण ती बुरशी नव्हे. जिवाणू खाऊन एकेकटा जगणारा हा जीव अन्न संपलं की वेगळाच वागू लागतो. उपाशी पेशी सायक्लिक एएमपी नावाचा रेणू बाहेर सोडतात, शेजारच्या पेशी तिकडे सरकतात आणि स्वतःही तोच रेणू सोडतात. साधारण दर सहा मिनिटांनी अशी एक लाट जाते. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींचे ओघळ बघताना पंढरीच्या वाटेवर एकमेकींना मिळत जाणाऱ्या दिंड्या आठवतात. शेवटी लाखभर पेशींचा एक ढीग होतो, तो गोगलगायीसारखा सरपटू लागतो, आणि २२ अंशांना २४ तासांत देठ व बीजाणूंचा गोळा उभा राहतो. पाचातल्या जवळपास चार पेशी बीजाणू होतात, एक देठात मरते.

या सगळ्यात फॉस्फोडायएस्टरेज या एन्झाइमचं काम सायक्लिक एएमपी मोडून पुसून टाकण्याचं आहे. सायक्लिक एएमपी तसंच साचून राहिलं तर पेशींचे ग्राहक (रिसेप्टर) बधिर होतात आणि पुढची हाक ऐकूच येत नाही. जीवशास्त्रज्ञ ब्रायन शॅफर यांना हे सायक्लिक एएमपीचं नावही ठाऊक नसताना जाणवलं होतं. पेशींना ओढणारा पदार्थ काढून ठेवला की थोड्याच वेळात निकामी होतो, कारण त्याला मोडणारं एन्झाइम त्याच पाण्यात असतं. ओढणारा पदार्थ म्हणजे सायक्लिक एएमपी, हे १९६७ मध्ये कळलं. या एन्झाइमचं जनुक काढून टाकलं तर पेशी गोळाच होत नाहीत, आणि तेच एन्झाइम बाहेरून घातलं तर पुन्हा गोळा होऊ लागतात.

हे जनुक, पीडीएसए, विकासाच्या अभ्यासकांच्या फार आवडीचं आहे. प्रथिन एकच, पण जनुकाला तीन प्रमोटर, म्हणजे ते चालू करणारे डीएनएचे भाग, आहेत. एक वाढीच्या काळात चालतो, दुसरा पेशी गोळा होताना आणि तिसरा उशिरा, देठाच्या वाटेवरच्या पेशींत. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. आमचा प्रकल्प यातला अगदी साधा तुकडा होता. उपाशी ठेवलेल्या पेशींत दर तासाला या जनुकाचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप, मोजायचा, त्याच फ्लास्कमधलं बाहेरचं पाणी घेऊन एन्झाइमची ॲक्टिव्हिटी, म्हणजे ते किती काम करतं ते, मोजायची आणि दोन्ही रेषा एका आलेखावर काढायच्या.

पद्धतही साधीच. एएक्स-२ या जातीच्या पेशी द्रव माध्यमात वाढवायच्या, तीनदा धुवायच्या, एका मिलिलिटरला एक कोटी या प्रमाणात बफरमध्ये घालून शेकरवर ठेवायच्या. दर तासाला नमुना काढून सेंट्रिफ्यूज करायचा. खाली बसलेल्या पेशी आरएनएसाठी, वरचं पाणी एन्झाइमसाठी.

आमच्याकडे किरणोत्सारी सायक्लिक एएमपी वापरायची परवानगी नव्हती, म्हणून रंगाची पद्धत निवडली. फॉस्फोडायएस्टरेजने सायक्लिक एएमपीचं एएमपी केलं की उकळून ते थांबवायचं, मग सापाच्या विषातलं न्यूक्लिओटायडेज घालून एएमपीवरचा फॉस्फेट सुटा करायचा, आणि मॅलाकाइट ग्रीनने तो मोजायचा. फॉस्फेट असेल तर पिवळं द्रावण हिरवं होतं.

पहिल्याच दिवशी सगळ्या नळ्या हिरव्या झाल्या, ब्लँकसुद्धा, म्हणजे जिच्यात रंग यायलाच नको ती नळी. मीरा घाबरून माझ्याकडे आली. पेशी ज्या बफरमध्ये उपाशी ठेवल्या होत्या तो फॉस्फेट बफर होता. चूक माझी होती. कित्येक वर्षं पेशी त्याच बफरमध्ये उपाशी ठेवत आले आणि हात सवयीने त्याच बाटलीकडे गेला. एमईएस बफरवर जाऊन सगळं नव्याने बसवण्यात दोन आठवडे गेले, आणि सात आठवड्यांतले दोन म्हणजे फार होतात.

अडचण

बफर बदलल्यावर एमआरएनएची रेषा छान आली. दुसऱ्या तासापासून वाढ, चौथ्या तासाला पीसीआरमध्ये सुरुवातीपेक्षा चार सायकल आधी सिग्नल, म्हणजे दर सायकलला दुप्पट धरून सुमारे सोळा पट. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेल्या नळ्या कोऱ्या होत्या, त्यामुळे डीएनएची भेसळ नव्हती. या जीवाच्या जीनोममध्ये ए आणि टी मिळून पाऊणशे टक्क्यांच्या वर असतात, त्यामुळे प्रायमर, म्हणजे हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, जुळवणं त्रासाचं असतं, पण ते काम मीराने आधीच नेटकं केलं होतं.

एन्झाइमची रेषा मात्र जमिनीला चिकटलेली. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या तासाला जवळजवळ काही नाही. सातव्यानंतर एकदम उठाव.

पहिला संशय पद्धतीवर. सायक्लिक एएमपीऐवजी थेट एएमपी घातलं तर रंग पूर्ण आला, म्हणजे विषाचं एन्झाइम ठीक होतं. पेशींचं पाणी न घालता ठेवलेली नळी पिवळी राहिली, म्हणजे विषाच्या पुडीतून फॉस्फोडायएस्टरेज येत नव्हतं. सायक्लिक एएमपी न घातलेली नळीही पिवळी. पद्धत खरं सांगत होती. चौथ्या तासाला निरोप भरपूर होता आणि काम शून्य.

याच सुमारास एका रविवारी वीज गेली. बीओडी इन्क्युबेटर बंद पडला, एप्रिलमधली दुपार, सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या मामांनी दार उघडलं तेव्हा आत ३१ अंश होते. मीराने त्या पेशींवरही एक फेरी केली होती, आणि त्यात एमआरएनए उशिरा आला होता. म्हणजे दोन्ही रेषा जरा जवळ आल्या होत्या! "मॅडम, ही फेरी घेतली तर फरक कमी दिसतो," ती म्हणाली. मी ती फेरी वहीत लाल शाईने खोडायला लावली, पण पान फाडू दिलं नाही. डिक्टिओस्टेलियमला तिशीचं तापमान सोसत नाही. त्या पेशी आजारी होत्या.

समोरचे पर्याय

आम्ही दोघी आणि शेजारच्या प्रयोगशाळेतले एक सर, असे तिघं टेबलाभोवती बसलो. चार वाटा दिसत होत्या.

पहिली, एन्झाइमचा भाग गाळून टाकायची. फक्त एमआरएनएवर प्रबंध उभा राहिला असता आणि बाहेरच्या परीक्षकांनी बहुधा विचारलंही नसतं. वेळ बघता ही वाट मोहाची होती. मीरा तीन दिवस हीच धरून होती आणि मी तिला दोष देत नाही. नोकरीची मुलाखत त्याच महिन्यात होती.

दुसरी, एमआरएनए आहे पण त्यापासून प्रथिनच बनत नाही असं म्हणायचं. हे या जीवात परकं नाही. वाढीच्या काळात पीकेए या काइनेजच्या एमआरएनएवर पुफ-ए नावाचं प्रथिन बसून राहतं आणि भाषांतर, म्हणजे निरोपावरून प्रथिन बनणं, रोखतं. उपासमार सुरू झाली की याक-ए हे दुसरं प्रथिन पुफ-ए कमी करतं आणि पीकेए बनू लागतं. गोष्ट सुंदर आहे, पण ती पीकेएची आहे. आपल्या एन्झाइमबद्दल तेच म्हणायला ते प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी लागली असती, ती आमच्याकडे नव्हती. मला स्वतःला हे उत्तर आवडलं होतं, आणि आवडलेल्या उत्तरापासून जरा लांब राहिलेलं बरं म्हणून मी ते मागे ठेवलं.

तिसरी, एन्झाइम बनतंय पण पेशीबाहेर येत नाही. हे तपासायला पेशी फोडून आत बघायचं, एका दिवसाचं काम.

चौथी वाट त्या सरांनी एका वाक्यात सुचवली: "सबस्ट्रेट वाढवून बघितलं का?" सबस्ट्रेट म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू, इथे सायक्लिक एएमपी. मीराला हा प्रश्न तेव्हा उमगला नाही. ती जुने लेख शोधत बसली आणि दुसऱ्या दिवशी १९७१ चा रीडेल आणि गेरिश यांचा एक शोधनिबंध घेऊन आली. उपाशी पेशी फॉस्फोडायएस्टरेज सोडतात तसंच त्याला बांधून ठेवणारं दुसरं प्रथिनही सोडतात, असं त्यात होतं. म्हणजे एन्झाइम पाण्यात असतं, पण त्याच्या हाताला दुसऱ्याने धरून ठेवलेलं असतं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. हे रोधक प्रथिन मला ऐकून माहीत होतं. प्रकल्प आखताना ते मला सुचलं नाही, कारण प्रकल्पाचं नाव 'जनुक अभिव्यक्ती' होतं आणि रोधक मी 'जैवरसायना'च्या खणात ठेवला होता. खण आपण पाडलेले, पेशीला त्यांच्याशी देणंघेणं नाही.

काय केलं

तिसरी वाट आधी मिटवली. पेशी फोडून बघितलं, थोडी ॲक्टिव्हिटी मिळाली. पेशीच्या पृष्ठभागावर हे एन्झाइम थोडं असतंच. पण बाहेरची तूट भरून निघेल एवढा साठा आत नव्हता.

मग सबस्ट्रेटचा प्रश्न कागदावर सोडवला, आणि माझ्या मते इथेच प्रकरण वळलं. मोकळ्या एन्झाइमचा केएम, म्हणजे सबस्ट्रेटच्या ज्या प्रमाणाला ते निम्म्या वेगाने चालतं ते, १० मायक्रोमोलरच्या आसपास असतो. रोधक चिकटला की तो मिलिमोलरच्या घरात, सुमारे २ वर जातो. आम्ही वापरत होतो ०.१ मिलिमोलर सायक्लिक एएमपी. फळ्यावर मीराने गणित मांडलं. मोकळं एन्झाइम या प्रमाणाला आपल्या पूर्ण वेगाच्या ९१ टक्के वेगाने चालेल, बांधलेलं जेमतेम ५ टक्के. आणि सबस्ट्रेट ५ मिलिमोलर केला तर बांधलेलंही ७० टक्क्यांवर जाईल. खडू हातात धरून ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत उभी राहिली. आमच्या नळीत चौथ्या तासाला दिसत होतं ते तेच, एक वीसांश.

५ मिलिमोलरची फेरी केली. सायक्लिक एएमपीची जवळजवळ सगळी डबी त्यात गेली आणि ब्लँकही थोडा चढला, पण चौथ्या तासाचा नमुना स्पष्ट हिरवा झाला.

दुसरा पुरावा हवा होता. रोधक डायथायोथ्रेटॉलने, म्हणजे डीटीटीने, निकामी होतो. मीराने डीटीटी सरळ नळीत घातलं आणि ॲक्टिव्हिटी वाढायच्या ऐवजी आणखी कमी झाली. शिवाय रंगही विचित्र निळसर. ती संध्याकाळ फार वाईट गेली. ती गप्प बसून पिपेटच्या टिप्स डब्यात भरत होती. उलगडा वाचनातूनच झाला. डीटीटी रोधकाला मोडतं हे खरं, पण नळीत राहिलं तर या एन्झाइमलाही दाबतं. डिक्टिओस्टेलियमवर काम करणारे लोक सायक्लिक एएमपी मोजताना ते टिकावं म्हणून मुद्दाम डीटीटी घालतात. आणि मॅलाकाइट ग्रीनमधल्या मॉलिब्डेटलाही ते बिघडवतं. तेव्हा डीटीटी घालून थांबायचं, मग रात्रभर थंडीत डायलिसिस करून ते काढून टाकायचं आणि मगच मोजायचं. सोबत एक नळी डीटीटी न घालता नुसती डायलिसिस केलेली.

सकाळी डीटीटीची नळी हिरवी होती, नुसत्या डायलिसिसची पिवळट.

तिसरा प्रयोग सगळ्यात स्वस्त होता आणि आम्ही तो सगळ्यात शेवटी केला. आठव्या तासाचं चालतं पाणी आणि तिसऱ्या तासाचं न चालणारं पाणी निम्मं निम्मं मिसळलं. तिसऱ्या तासाच्या पाण्यात नुसतं काही नसतं तर ॲक्टिव्हिटी निम्मी यायला हवी होती. ती निम्म्याहून बरीच खाली आली. म्हणजे तिथे काहीतरी होतं आणि ते पकडत होतं.

काय निघालं

उरलेल्या आरएनएवर मीराने रोधकाच्या जनुकाचे प्रायमर लावले. त्याचा एमआरएनए पहिल्या दोन तासांत वर चढला आणि मग उतरत गेला. एका फ्लास्कमध्ये सुरुवातीलाच सायक्लिक एएमपी घातलं होतं, तिथे तो चढलाच नाही, आणि फॉस्फोडायएस्टरेजचा एमआरएनए उलट जास्त आला. हेही पूर्वी नोंदलेलं आहे: सायक्लिक एएमपी एन्झाइमचं जनुक वाढवतं आणि रोधकाचं दाबतं. त्याच रेणूने आपल्याला मोडणारं एन्झाइम मागवायचं आणि त्या एन्झाइमचा हात धरणाऱ्यालाही आवरायचं.

आता दोन रेषांमधली फट समजली. उपाशी पेशी आधी रोधक सोडतात. सायक्लिक एएमपी थोडं असताना ते टिकलं पाहिजे, नाहीतर पहिली हाक उमटायच्या आतच पुसली जाईल. हाका वाढल्या की रोधकाचं जनुक बंद होतं, पण आधी सोडलेलं प्रथिन पाण्यात राहतंच. नवं एन्झाइम त्याला पुरून उरेपर्यंत दोन-तीन तास जातात. आमच्या फ्लास्कमधला चौथा ते सातवा तास तोच. पानांखालच्या मातीत हा उशीर तेवढाच असेल असं मी म्हणणार नाही. तिथे पाण्याची पातळ पापडी असते, फ्लास्कमध्ये सगळं ढवळून एकजीव झालेलं.

यामुळे एक जुना वादही मला नव्याने कळला. या जीवावर काम करणारे मॉरिस सुसमन यांच्या काळात, १९६० च्या दशकात, याच जीवातल्या युडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज या एन्झाइमवरून मोठा खल झाला होता. विकासात एन्झाइमची ॲक्टिव्हिटी वाढते ती नवं प्रथिन बनल्यामुळे की असलेलं प्रथिन मोकळं झाल्यामुळे? त्या एन्झाइमच्या बाबतीत नवं प्रथिन बनतं हे पुढे अँटिबॉडी वापरून दाखवलं गेलं. आमच्या एन्झाइमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच फ्लास्कमध्ये, थोड्या अंतराने चालू होत्या.

प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी डीटीटीच्या बिघडलेल्या फेरीवरच सगळ्यात जास्त वेळ विचारलं. ती फेरी वहीतून काढली नव्हती, त्यामुळे मीराला सगळं नीट सांगता आलं.

पुन्हा करायचं झालं तर

मिसळण्याचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. त्याला ना नवी रसायनं लागतात ना परवानगी, एक दुपार पुरते. ॲक्टिव्हिटी नसलेला नमुना दिसला की त्यात एन्झाइम नाही की रोधक आहे, हे आधी मिसळून बघायचं, बाकीचं नंतर. आम्ही उलट्या क्रमाने गेलो, कारण गणिताने आम्हाला भारून टाकलं होतं.

सबस्ट्रेटचं प्रमाण एकच ठेवणं ही खरी मूळ चूक. ०.१ आणि ५ मिलिमोलर अशा दोन नळ्या प्रत्येक नमुन्याला सुरुवातीपासून ठेवल्या असत्या तर फट पहिल्याच आलेखात उलगडली असती. सायक्लिक एएमपी महाग आहे म्हणून मी काटकसर केली होती. वाया गेलेल्या फेऱ्यांचा खर्च त्याहून जास्त झाला.

वीज गेल्याच्या प्रसंगानंतर एक साधी सवय लागली. प्रत्येक फेरीच्या वेळी त्याच पेशींचा एक थेंब अगरवर ठेवायचा आणि ओघळ कधी दिसू लागतात ते लिहून ठेवायचं. पेशींची तब्येत ठीक आहे की नाही ते थर्मामीटरपेक्षा तो थेंब आधी सांगतो.

एक प्रश्न मात्र राहून गेला आणि तो मला टोचतो. मीराचे प्रायमर तिन्ही एमआरएनएंना सामाईक असलेल्या भागावर होते. त्यामुळे चौथ्या तासाची सोळा पट वाढ कुठल्या प्रमोटरमधून आली ते आम्ही सांगू शकत नाही. गोळा होण्याच्या प्रमोटरमधून आली असं मला वाटतं, पण वाटणं वेगळं. सुरुवातीच्या टोकावर वेगळे प्रायमर हवे होते, आणि ते सुचलं तेव्हा मधल्या तासांचा आरएनए पुन्हापुन्हा मोजण्यात संपला होता. दुसऱ्या आणि चौथ्या तासाच्या दोनच नळ्या उणे ८० च्या फ्रीजरमध्ये वरच्या कप्प्यात आहेत, मीराच्या अक्षरात तारीख घातलेल्या. यंदाच्या विद्यार्थ्याने प्रायमर मागवले आहेत.